पिवळ्या चतुराचं डावं चाक

१

भागवत मेला तेव्हा त्याचं विमान जमिनीवर होतं, आणि जमिनीवर चाकांनी जे पळतं ते आरटीओचं, असा ठाणेदार शंकरसिंग ठाकूर यांचा हिशोब. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला.

"धर्माधिकारी मॅडम, ब्रेक फेलची केस आहे. ट्रकचा काय अन् विमानाचा काय, ब्रेक तो ब्रेक. येऊन जा जरा."

मी हिंगोलीला मोटार वाहन निरीक्षक आहे. उलटलेले ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, काळीपिवळ्या जीपा बघण्यात जन्म चाललाय माझा. विमानात मी बसलेसुद्धा नाही कधी, आणि तसं सांगितलं.

"आमी तरी कुठं बसलो? दिल्लीची विमानवाली माणसं येतील तेव्हा येतील. मेकॅनिक आत घातलाय, उद्या कोर्टात उभा करायचाय. कबुली दिलीय त्यानं. तुमी फकस्त दोन ओळी लिहून द्या."

कबुली म्हटलं की माझं डोकं उठतं. ब्रेक न बघता गाडी काढणारा माणूस कधी कबूल होत नाही हो. तो रस्त्याला नावं ठेवतो, समोरच्या म्हशीला ठेवतो, वेळ आली तर देवाला ठेवतो. पहिल्या दिवशीच 'माझं चुकलं' म्हणणारा एक तर संत असतो, नाही तर कुणाला तरी पाठीशी घालत असतो. संत नामदेवांनंतर आमच्या जिल्ह्यात दुसरा कुणी झालेला ऐकिवात नाही.

आखाडा बाळापूरच्या पुढं, हळदीच्या रानांना लागून, वैजनाथरावांनी विमानासाठी मुरमाचा लांब पट्टा तयार करून घेतला होता. माणूस मूळचा इथलाच, पुण्यात इमारती बांधून मोठा झालेला. परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयानं मोडीत काढलेलं दोन मजली पंखांचं जुनं विमान त्यांनी आणलं, दुरुस्त केलं, पिवळं रंगवलं. चार पंख बघून गावानं त्याला पावसाळ्यात भिरभिरणाऱ्या त्या किड्याचं नाव ठेवलं, चतुर. चालवायला वैमानिकही गावचाच, सखुबाईंचा एकुलता एक भागवत. त्याच्या शिक्षणाचा भार वैजनाथरावांनीच उचललेला, आणि हे ते गावाला विसरू देत नसत.

पोळ्याला मोठा समारंभ होता. पट्ट्यालगतच्या मांडवात आधी विमानाची पूजा झाली. भागवत एकटाच उडाला, गावावरून घिरट्या घालून परत आला, चाकं अलगद टेकवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या चालू असतानाच विमान एकाएकी उजवीकडं फिरलं, पट्टा सोडून चरात गेलं आणि उलथं झालं. भागवतची मान मोडली.

ते विमान मी बघितलं तेव्हा आकाशाकडं पाय करून पडलेलं होतं. पुढं दोन चाकं, दोन्हींना वेगवेगळे ब्रेक, दोन पायांनी दाबायचे. दोन्ही नळ्यांत लाल तेल काठोकाठ होतं, गळती कुठंच नाही. बाळापूरच्या गॅरेजवाल्याकडून उजवं चाक उघडून घेतलं. आत कोरडं ठाक. मग डावं उघडलं आणि वास आला.

तो वास मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आईनं लोणी कढवायला ठेवून फोन घेतला की आमच्या घरात तोच वास सुटायचा. ब्रेकचे पट्टे चकचकीत, निसरडे झाले होते. चाकाच्या आतल्या बाजूला, जिथं उन्हाची तिरीपही पोचत नव्हती, रवाळ गोळे चिकटून होते. बोट फिरवलं तर पिवळं झालं. चाकाचा रंगच पिवळा, म्हणून वरवर बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. पण हा रंग पेट्रोलनं पुसून जाईना, नखात तसाच राहिला.

पंख जिथं धडाला जोडलेले, तिथंही दोन्ही बाजूंना गडद पिवळे डाग होते. पण ते पातळ तेलाचे, ओघळलेले. म्हटलं, पूजेत सांडलं असेल काहीतरी.

पंचांसमोर चाकातला गोळा पिशवीत भरला आणि ठाकूर साहेबांना सांगितलं, "ब्रेक तुटलेला नाही. ब्रेकमध्ये हळद कालवलेलं साजूक तूप आहे."

२

थावरा राठोड कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. तांड्यावरचा पोरगा, भागवतचा शाळेपासूनचा जोडीदार. भागवत उडायला शिकला तेव्हा वैजनाथरावांनी यालाही बंगळुरूला पाठवून विमानाचं काम शिकवलं. त्याची बायको पेमा दाराशी भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. भाकरी तो घेत नव्हता.

"ब्रेक कधी तपासलेस?"

"न्हाई तपासले, मॅडम. माजीच चूक हाये."

"पहाटे विमान पट्ट्यावर फिरवून बघितलंस, असं गावातला प्रत्येक जण सांगतोय."

"फिरवलं. म्हंजे... फिरवलं, पन ध्यान नव्हतं."

"मांडवात पूजा चालली होती तेव्हा कुठं होतास?"

"पट्ट्याच्या पल्याड. पान्याचा टँकर घेऊन." थोडं थांबून म्हणाला, "फोटोत ग्रीसनं काळे झालेले कपडे नगं, वैजनाथराव म्हनले."

हे मी ऐकून ठेवलं. विमान ज्यानं उभं केलं तो पट्ट्यापलीकडं, आणि मांडवात कोण, तर पांढऱ्या कपड्यातले लोक.

"बरं, मला सांग. उडायच्या आधी भागवतनं पट्ट्याच्या टोकाला विमान डावीकडं वळवलं. डावा ब्रेक गेलेला असता तर वळलं असतं का?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस कसा दिसतो ते बघायचं असेल तर तेव्हा थावराला बघायचं होतं.

"म्हणजे निघताना ब्रेक लागत होता, उतरताना लागला नाही. थंड होतं तोवर तूप गोळा होऊन बसलं होतं. इकडून तिकडं फिरवताना ब्रेक दाबले, चाक तापलं, तूप वितळून ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरलं. परत आल्यावर त्यानं दोन्ही पाय दाबले, उजवं चाक धरलं आणि डावं पळत राहिलं. बरोबर?"

तूप हा शब्द ऐकला आणि थावरानं माझे पाय धरले. नाही म्हणायलाही अवसर दिला नाही.

"मॅडम, तूप म्हनू नका. ग्रीस म्हना. माज्या हातचं ग्रीस लागलं असं लिहा. तुमाला तुमच्या लेकराची आन हाये."

"का? कुणासाठी रे?"

"काई इचारू नका. भागवत तर गेला. अजून कुनाला मारू नका."

मी चिडून बाहेर आले. पेमा मागं आली आणि पदरात तोंड घालून हळूच बोलली.

"म्या सांगितलं म्हनू नका, बाई. पोळ्याच्या आदल्या दिसी सांजच्याला सखुकाकी वाटी घेऊन इमानाकडं गेली व्हती. खांदेमळनी कराया. यानं पाह्यलं, म्यानी बी पाह्यलं. आता हा म्हनून राहिला, काकीला कळलं तर ती जित्ती ऱ्हानार न्हाई."

३

खांदेमळणी म्हणजे, आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैल धुतात, तूप-तेलात हळद कालवून त्यांना मळतात आणि कानात सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' मी शहरातली, ब्राह्मणाच्या घरातली. दुरून ऐकलेलं, कधी हात लावून केलेलं नाही. सखुबाईंच्या दावणीला आता बैल नव्हते. मग बाईनं लेकाच्या चतुरालाच मळलं. आणि त्याच तुपानं लेक गेला.

असं असेल तर अशा खऱ्याचा उपयोग काय, हे मला कळेना. पण माणूस कोठडीत बसला होता, म्हणून वैजनाथरावांकडं गेले.

शेतातल्या बंगल्यात ते पांढरेशुभ्र बसले होते. समोर वर्तमानपत्र, त्यात त्यांचाच फोटो. उलथ्या विमानापाशी उभे राहून रडताना. पांढऱ्या पायजम्याच्या एका गुडघ्यावर पिवळा डाग. पोळ्याचा दिवस, हळद कुणाच्या अंगावर नव्हती?

"पोटच्या पोरासारखा होता," ते म्हणाले. "मी त्याला जमिनीवरून आकाशात नेलं. त्या थावरालाही मीच घडवलं, आणि त्यानं असं करावं?"

"विमानाला हळद कुणी लावली होती?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. मनात ठेवणार होतो. सखुबाईंनी आदल्या दिवशी खांदेमळणी केली. मला कळलं, पण अडवावंसं वाटलं नाही. मॅडम, आम्ही शेतकऱ्याची पोरं. साजूक तूप-हळदीनं बैलाचे पाय चोळल्याशिवाय आमच्या वाड्यात त्या दिवशी कुणी ताटावर बसत नसे. त्या माउलीच्या भावनेला मी कसा हात घालू?"

"म्हणजे ब्रेक त्यांच्या तुपानं गेला, असं तुमचं म्हणणं?"

"मी काहीच म्हणत नाही. मेकॅनिकनं कबूल केलंय ना? तेवढ्यावर मिटू द्या. नाहीतर त्या माउलीला कोर्टात उभं करावं लागेल. ते तुम्हाला सोसेल का?"

माणूस किती मऊ बोलत होता. चहाही फार चांगला होता. बाहेर पडले तोवर हिंगोलीहून माझ्या साहेबांचा फोन आलाच, 'कबुली आहे तर लांबवू नका.' मी जीप काढली, आणि वळणावर येईपर्यंत मला कळलं की या माणसानं मला एका म्हातारीच्या जिवाची भीती घालून परत पाठवलंय. संताप आला. त्यांचाही आणि माझाही. कारण मी खरंच परत चालले होते.

जीप वळवली आणि सखुबाईंच्या घरी गेले.

४

ओसरीवर बायका बसल्या होत्या. सखुबाई मात्र प्लॅस्टिकच्या खुर्चीत. सुतकातसुद्धा खाली बसता येत नाही म्हणून त्यांनाच शरम वाटत होती.

"गुडगे गेले, बाई. दोन वर्सं झाली, खाली वाकनंच न्हाई. चुलीपाशी बसता येत न्हाई, भागवतनं वट्यावर शेगडी करून देल्ती."

मी ऐकलं आणि डोक्यात काहीतरी खटकलं. विमान उभं असताना ते चाक माझ्या गुडघ्याच्या खालीच आलं असतं. तूप होतं ते आतल्या बाजूला. तिथं हात घालायला माणसाला उकिडवं बसावं लागतं, नाही तर गुडघा टेकावा लागतो.

बायकांना जरा बाहेर जायला सांगितलं. विचारायचं कसं, तेही कळत नव्हतं. शेवटी विचारलंच. "आदल्या दिवशी तुम्ही चतुराला मळलं म्हणे?"

"मळलं की." त्यांचे डोळे भरून आले. "हसले लोक. म्या म्हनलं हसा. मपल्या लेकाचा बैल त्यो. आवतन बी देलं त्याला, उद्या जेवाया या म्हनून."

"चाकांना लावलं?"

"चाकाला?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी शाळेतली पोर झाले. "चाक म्हंजे पाय न्हवं का बाई? पायाला कोन मळतं? खांदेमळनी हाये ती. वर्सभर जू खांद्यावर ऱ्हातं, खांदा सोलतो, म्हनून खांदा मळायचा. त्याचे पंख जिथं निगतात तिथं लावलं म्या. दोन्हीकडं. हात पुरला तितकं."

पंखांच्या मुळाशी ओघळलेले डाग मी सकाळीच बघितले होते. पातळ डाग.

"तूप कुठलं होतं?"

"तूप कुठलं आनू, बाई? दुभतं हाये का दाराशी? करडीचं तेल घेतलं घरचं, त्यात हळद. तुपावानीच झालं म्हना."

पंखाला तेल. चाकात तूप, रवाळ, गोळ्यांचं. तेल कधी असं गोठत नाही. या बाईच्या हातून काही, काहीसुद्धा झालेलं नव्हतं, आणि तिकडं थावरा तिच्यासाठी तुरुंगात जायला निघाला होता.

"त्याचा रुमाल तेवडा मपल्यापाशी हाये," सखुबाई म्हणाल्या. "पोलिसांनी खिशातलं परत देलं. धुतला न्हाई म्या. त्याच्या अंगाचा वास हाये त्याला."

त्यांनी पदराआडून रुमाल काढला. पांढरा होता कधीकाळी. मधोमध पिवळा, ताठ झालेला डाग, आणि डागात काळी पूड. ब्रेकच्या पट्ट्यांची असते तशीच. मी नाकाशी धरला. भागवतच्या अंगाचा वास आईला येत असेल. मला तुपाचा आला.

"कोनी हळद लावली असन तोंडाला. पुसलं असन लेकरानं," त्या म्हणाल्या.

"मावशी, मांडवातल्या पूजेच्या वेळी चाकापाशी कोण वाकलं होतं?"

"वाकाया कोन? भटजीनं वरूनच अक्षता टाकल्या. वैजनाथरावांनी तेवडा गुडगा टेकला. फोटूवाले म्हनून राहिले, साहेब अजून आत, साहेब अजून खाली. लई भक्तिभावानं लावून राहिले व्हते बिचारे."

५

वैजनाथराव फाटकातच भेटले. या वेळी चहाचं कुणी विचारलं नाही.

"तुमच्या वाड्यात बैलाचे पाय चोळत नव्हते," मी म्हणाले. "कुणाच्याच वाड्यात चोळत नाहीत. लहानपणी बैल गड्यांनी मळले असतील, तुम्ही ओट्यावरून बघितलं असेल. पुण्याहून आलात, फोटोसाठी खांदेमळणी करायची ठरवलीत, आणि खांदा सोडून पाय धरलात."

"हे काय पुरावा म्हणून लिहिणार आहात?"

"नाही. हे लिहीन. पहाटे थावरानं विमान फिरवलं तेव्हा दोन्ही ब्रेक ठीक होते. त्यानंतर तो पट्ट्यापलीकडं होता, तुम्हीच पाठवला होता. सखुबाईंनी आदल्या दिवशी लावलं ते करडीचं तेल, आणि तेही पंखाला. त्यांना वाकताच येत नाही. चाकात आहे ते साजूक तूप, फक्त डाव्या, कारण फोटोवाले त्या बाजूला होते. तिथं गुडघा टेकलेला माणूस एकच. तुमच्या पायजम्याचा फोटो आज घराघरात गेलाय. आणि तेच तूप, ब्रेकच्या पुडीसकट, सखुबाईंकडच्या भागवतच्या रुमालावर आहे. म्हणजे ते तो उडायच्या आधी लागलं."

रुमालाचं ऐकून ते दचकले. पण क्षणभरच. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी सुस्कारा सोडला, सुटका झाल्याचा.

"म्हणजे त्यानं पुसलं होतं," ते म्हणाले. "तुम्हीच सिद्ध करताय मॅडम. त्यानं बघितलं होतं."

त्यांनी फाटकाबाहेर दोन्हीकडं नजर टाकली.

"खरंच सांगतो तुम्हाला, इथं तिसरं कुणी नाही. आला होता माझ्याकडं. 'दादा, थोडं थांबा, थावराला बोलावतो, चाक उघडून पुसून घेतो.' मी म्हटलं, अरे पाहुणे खोळंबलेत, माणसं उन्हात बसलीत, देवाचं तूप आहे, त्यानं काय होतंय? तो हसला. माझ्या पाया पडला आणि चढला. मी काय त्याला बंदूक लावली होती? वैमानिक तो होता. नाही म्हणायचं होतं."

"तुम्हाला नाही म्हणणारं या गावात कोण आहे?"

"ते कोणत्या कलमात बसतं?" त्यांनी विचारलं. अगदी शांतपणे विचारलं. "द्या तो रुमाल पोलिसांत. थावरा सुटेल, मी त्याच्यावर दिलेली तक्रार मागं घेईन. मी भक्तीनं तूप लावलं, हे मीही सांगेन, लपवायचं काय त्यात? आणि मग दिल्लीचे लोक लिहितील की दोष दिसत असताना वैमानिकानं उड्डाण केलं. नाही तर रुमाल राहू द्या त्या माउलीकडं. भागवत गावाचा हिरो राहील. आणि थावरानं तर कबूलच केलंय. ठरवा."

६

ठरवणारी मी कोण? रुमाल माझा नव्हता. मी पुन्हा सखुबाईंकडं गेले आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. पहिल्यांदा हे की त्यांच्या हातून काही झालेलं नाही. ते त्यांच्यापर्यंत नीट पोचलंच नाही, कारण असं काही कुणाच्या मनात आलं असेल हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मग बाकीचं सांगितलं. रुमाल दिला तर थावरा सुटतो आणि दोष भागवतवर येतो. ठेवला तर उलट.

"त्याला ठावं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"चाकाला तूप लागलंय हे ठाऊक होतं. वरचं पुसलं त्यानं. आतलं पुसायला थावरा हवा होता."

"अन् तरी उडाला. काहून?"

"नाही म्हणता आलं नाही, मावशी."

त्या किती तरी वेळ रुमालाची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

"म्याच शिकवलं त्याला," त्या म्हणाल्या. "वैजनाथरावांच्या शब्दाबाहेर जाऊ नगस म्हनून. रोज शिकवलं. उपकार हायेत म्हनलं त्यांचे."

मी रडले. निरीक्षकानं पंचनाम्यात रडू नये असा नियम असेल कुठं तरी, असू दे.

"घेऊन जा," सखुबाईंनी रुमाल माझ्या हातात दिला. "मेलेल्याला काय तुरुंग हाये? थावराची लेकरं ल्हान हायेत. अन् त्याला सांगा, काकीनं बोलवलं म्हनून. भाकर खायाला ये म्हनावं."

रुमाल मी पंचांसमोर जमा केला, अहवालात सगळं लिहिलं. गुडघ्याचंही लिहिलं, मांडवातल्या फोटोवाल्यांचंही. वैजनाथराव मला जे बोलले तेही लिहिलं. ठाकूर साहेबांनी वाचून मान हलवली, "याला साक्षीदार कोन?" साक्षीदार नव्हता.

थावरा सुटला. कोठडीबाहेर आला आणि मला म्हणाला, "मॅडम, तुमाला म्हनलं व्हतं, ग्रीस लिहा. आता भागवतवर आलं समदं." त्यानं माझे आभार मानले नाहीत. मानू नयेतच.

दिल्लीची माणसं आली, मोजमापं घेऊन गेली. पुढं त्यांचा निष्कर्ष आला. डाव्या ब्रेकवर बाह्य पदार्थ. वैमानिकाच्या तो लक्षात आला होता. तरीही त्यानं उड्डाण केलं. अपघातास वैमानिकाचा निर्णय कारणीभूत. तूप कुणी लावलं यावर एक ओळ होती, 'समारंभाच्या वेळी'. मी जो रुमाल शोधून काढला, त्यावरच त्यांचं सगळं उभं होतं.

वर्षभरानं, पोळ्याच्याच दिवशी, वैजनाथरावांनी पट्ट्याला भागवतचं नाव दिलं. मला बोलावणं नव्हतं. मी गेले. थावरा आणि पेमा सखुबाईंना धरून घेऊन आले होते. मांडव तोच, फोटोवालेही बहुतेक तेच. भाषण झालं. तरुण रक्त, धाडस, एक छोटीशी चूक, मोठ्या मनानं क्षमा. मग माउलीचा सत्कार. लुगडं, नारळ, आणि 'दोन शब्द बोला' म्हणून कुणी तरी खुर्चीपाशी माइक धरला.

सखुबाईंनी लुगडं मांडीवर ठेवलं.

"वैजनाथराव, मला एक सांगा. बैलाला मळत्यात ते कुठं वो?"

मांडवात सगळी शेतकरी माणसं. प्रश्न कुणासाठी आणि कशाचा, ते प्रत्येकाला कळलं. गेलं वर्षभर लोक हेच कुजबुजत होते, चावडीवर, हळदीच्या भट्टीवर, सगळीकडं. वैजनाथराव हात जोडून हसत होते.

"सांगा की. लेकरं बी सांगतेत."

मागून कुणी तरी बोललं, "खांद्याला." मग आणखी एक जण. मग सगळा मांडव, बाया-माणसं, एका आवाजात. "खांद्याला!"

मला वाटलं, आता काहीतरी होईल. खरंच वाटलं. कुणी उठेल, कुणी त्यांची गचांडी धरेल, निदान कुणी जोडा तरी भिरकावेल. सखुबाई वाट बघत होत्या. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

सूत्रसंचालकानं माइक काढून घेतला. "माउलींच्या भावना अनावर झाल्यात," तो म्हणाला, "आता सर्वांनी प्रसाद घेऊनच जायचंय." वैजनाथराव स्वतः हात जोडून मांडवभर फिरले. आधी एक जण उठला, मग दोघं, मग पत्रावळीसाठी रेटारेटी सुरू झाली.

थावरानं सखुबाईंना हाताला धरून उठवलं. मी त्यांच्याबरोबर निघाले. मागं पंगत बसली होती. साजूक तुपातला शिरा होता, आणि लोक दुसऱ्यांदा मागून घेत होते.